पाळणाघराची निवड : खर्च आणि दर्जा यांचा ताळा

शेतावर, कारखान्यात, कार्यालयात किंवा परक्याच्या घरी काम करणाऱ्या आईपुढे दररोज सकाळी एक प्रश्न उभा राहतो : आपण परत येईपर्यंत मूल कोणाच्या हाती सोपवावे? पूर्वी एकत्र कुटुंबात या प्रश्नाचे उत्तर घरातच मिळत असे. आज कुटुंबे लहान झाली आहेत, कामाची ठिकाणे घरापासून दूर गेली आहेत आणि आजीही पुष्कळदा स्वतः मजुरीला जात असते. उज्जैनसारख्या शहरात अंगणवाड्या आहेत, शासकीय अनुदानावर चालणारी पाळणाघरे ही व्यवस्था आहे आणि शुल्क घेणारी खासगी केंद्रेही आहेत. हिंदी बोलीत यांना झूलाघर म्हणतात. या सर्वांतून निवड करताना पालक बहुधा दोनच गोष्टी विचारतात : महिन्याला किती पडतात, आणि घरापासून किती लांब आहे?

हे दोन्ही प्रश्न योग्य आहेत, परंतु पुरेसे नाहीत. महिन्याचे शुल्क हा पाळणाघराच्या खर्चाचा केवळ एक भाग असतो, आणि शुल्काच्या आकड्यावरून दर्जाचा अंदाज बांधता येत नाही. खर्च आणि दर्जा यांची तुलना सामान्य पालकाला, ग्रामसेवकाला व शिक्षकाला कागद-पेन्सिल घेऊन कशी करता येईल, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शांत मूल आणि सांभाळलेले मूल

मूल सांभाळणे म्हणजे ते रडू न देणे, अशी समजूत अजूनही आढळते. या समजुतीचा इतिहास दुःखद आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या अनेक स्त्रिया विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांत कामावर जाण्यापूर्वी तान्ह्या मुलांना अफू घातलेली बाळगोळी देत असत. मूल दिवसभर गुंगीत पडून राही, रडत नसे, आणि म्हणून त्याला सांभाळणारे कोणी नसले तरी चालत असे. त्या काळच्या चौकश्यांत या प्रथेची नोंद झाली. अफूचे पीक आणि अफूचा व्यापार यांसाठी एके काळी प्रसिद्ध असलेल्या माळव्यातील वाचकांना या गोळीचा अर्थ निराळा सांगावयास नको. त्या माता निष्ठुर नव्हत्या. गिरणीचा भोंगा झाल्यावर मुलाला ठेवण्यास दुसरी जागाच त्यांच्यापाशी नव्हती.

हिंदुस्थानातील मजुरांच्या स्थितीचा विचार करणाऱ्या रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात स्त्रिया मोठ्या संख्येने काम करतात अशा कारखान्यांत पाळणाघरे असावीत, अशी शिफारस केली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ५० हून अधिक स्त्रिया कामास असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर ठेवणे बंधनकारक केले. १९७६ च्या दुरुस्तीने ही मर्यादा ३० वर आणली. पुढे २०१७ साली प्रसूतिलाभ अधिनियमात दुरुस्ती होऊन ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर, कर्मचारी स्त्रिया असोत वा पुरुष, पाळणाघराची जबाबदारी आली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याची मुभा मिळाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे.

या कायद्यांचा लाभ मोठ्या आस्थापनेत नाव नोंदलेल्या स्त्रीला मिळतो. उज्जैनच्या जुन्या कापडगिरण्या एकामागून एक बंद पडल्या. घरी बसून उदबत्त्या वळणारी, भैरवगढच्या छपाईकामात हातभार लावणारी, चार घरची धुणीभांडी करणारी किंवा आश्विनात सोयाबीन कापणारी स्त्री ५० माणसांच्या आस्थापनेत नसते. तिला पाळणाघर स्वतःच शोधावे लागते, आणि म्हणून तुलना करण्याची कला तिलाच सर्वांत अधिक उपयोगी आहे.

कोणकोणत्या व्यवस्था आहेत?

पहिली व्यवस्था अंगणवाडी. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि आज अंगणवाडी जवळजवळ प्रत्येक गावात पोहोचली आहे. येथे शुल्क नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिजवलेला आहार आणि पूर्व-प्राथमिक शिक्षण मिळते. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी मात्र आहार घरी न्यावयाचा असतो, ही मुले केंद्रात दिवसभर ठेवून घेण्याची मूळ योजनेत तरतूद नव्हती. लसीकरण, वजन आणि आरोग्य तपासणी यांची सांगड हे अंगणवाडीचे मोठे बलस्थान आहे. परंतु ती पोषणासाठी व शिक्षणासाठी उभारलेली संस्था आहे. आईची पूर्ण पाळी भरून काढणे हे तिच्याकडे सोपविलेले कामच नव्हे, हे ध्यानात घेतले म्हणजे अंगणवाडीसेविकेवर विनाकारण ठपका येणार नाही.

दुसरी व्यवस्था शासकीय अनुदानाचे पाळणाघर. २००६ साली राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना आली, २०१७ साली तिचे राष्ट्रीय पाळणाघर योजनेत रूपांतर झाले आणि २०२२ पासून ती मिशन शक्तीअंतर्गत 'पालना' या नावाने पुढे चालू झाली. २०१७ च्या योजनेत सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या २५ मुलांमागे एक सेविका व एक मदतनीस, महिन्यातून २६ दिवस आणि दिवसाला साडेसात तास, असे प्रमाण होते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाकडून दरमहा २० रुपये, महिना १२,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांकडून १०० रुपये आणि त्याहून अधिक उत्पन्न असलेल्यांकडून २०० रुपये घ्यावेत, असे ठरले होते. 'पालना' योजनेने आणखी एक पाऊल टाकले. काही अंगणवाड्यांना पाळणाघर जोडून, त्यांसाठी वेगळी सेविका व मदतनीस देऊन, देशभर अशी १७,००० केंद्रे उभारण्याचे उद्दिष्ट तिने ठेवले.

तिसरी व्यवस्था खासगी पाळणाघराची. यात एखाद्या गृहिणीने आपल्या घरी चार-पाच मुले सांभाळण्यापासून शाळेला जोडलेल्या मोठ्या केंद्रापर्यंत सर्व प्रकार येतात. शुल्क, वेळ, आहार सर्वच निरनिराळे. चौथी व्यवस्था मालकाने कामाच्या ठिकाणी चालविलेल्या पाळणाघराची, आणि पाचवी, सर्वांत जुनी, म्हणजे आजी, शेजारीण किंवा मोठे भावंड.

खर्च कसा मोजावा?

तुलनेचा पहिला नियम असा : शुल्कात येण्याजाण्याचे भाडे, वेगळा द्यावा लागणारा डबा व दूध, आणि केंद्राच्या वेळेमुळे बुडणारी मजुरी मिळवावी. ही बेरीज म्हणजे पाळणाघराचा खरा मासिक खर्च होय.

एक उदाहरण घेऊ. यातील आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत, वाचकांनी आपापले आकडे घालावेत. समजा, एका आईला आठ तासांच्या कामाचे ४०० रुपये मिळतात आणि महिन्यात २५ दिवस काम असते, म्हणजे १०,००० रुपये. तिचे मूल चार वर्षांचे आहे.

(अ) अंगणवाडी. शुल्क नाही. समजा, केंद्र चार तास चालते. मूल घेण्यासाठी आई दुपारी परतली, तर तिला अर्ध्या दिवसाचेच काम मिळेल. बुडालेली मजुरी ५,००० रुपये. खरा खर्च ५,००० रुपये.

(आ) योजनेतील साडेसात तासांचे पाळणाघर. शुल्क १०० रुपये. आईला रोज अर्धा तास लवकर निघावे लागते, म्हणजे दिवसाला २५ रुपये व महिन्याला ६२५ रुपये बुडतात. खरा खर्च ७२५ रुपये.

(इ) नऊ तास चालणारे खासगी केंद्र. शुल्क २,००० रुपये, रिक्षा ६०० रुपये, डबा व दूध ५०० रुपये. मजुरी बुडत नाही. खरा खर्च ३,१०० रुपये.

जे केंद्र फुकट वाटत होते ते या आईला सर्वांत महाग पडले. उलट, जी आई सकाळी तीनच तास कामाला जाते तिच्यासाठी अंगणवाडीचा खरा खर्च शून्य आहे, आणि २,००० रुपये भरणे हा तिच्यासाठी अपव्ययच ठरेल. एकाच आळीतील दोन मातांसाठी स्वस्त केंद्र वेगवेगळे असू शकते. म्हणून 'अमुक केंद्र स्वस्त आहे' या शेजारच्या अनुभवावर विसंबू नये.

दुसरा नियम तासाचा. खरा खर्च भागिले केंद्राचे महिन्यातील एकूण तास, असा हिशेब करावा. वरील उदाहरणात (आ) चा दर तासाला चार रुपयांच्या आत, तर (इ) चा चौदा रुपयांच्या आत येतो. सुट्ट्याही मोजाव्यात. शाळेच्या सुट्टीत बंद राहणारे केंद्र पूर्ण वर्षाचे शुल्क घेत असेल, तर त्याचा तासाचा दर कागदावर दिसतो त्याहून अधिक असतो. सिंहस्थाच्या काळात उज्जैनचे रस्ते आणि वाहतूक यांत मोठे फेरफार होतात. केंद्र नदीच्या पलीकडे असेल, तर त्या दिवसांत मूल कसे आणणार, हेही आधीच विचारून ठेवावे.

मोठ्या बहिणीच्या नावे पडणारा खर्च

वरील हिशेबाला एक पळवाट आहे आणि ती सर्वांना ठाऊक आहे. आई दुपारी परत येत नाही. अंगणवाडी सुटल्यावर धाकट्याला मोठी बहीण घेऊन जाते. आईची मजुरी बुडत नाही, शुल्क द्यावे लागत नाही, खर्चाच्या रकान्यात शून्य येते. परंतु ती नऊ-दहा वर्षांची मुलगी त्या वेळी शाळेत असावयास हवी होती. आधी ती दुपारची शाळा चुकविते, मग आठवड्यातील दोन दिवस चुकतात, आणि एखाद्या वर्षी तिचे नाव पटावरून उतरते. घरच्या हिशेबात न दिसणारा हा खर्च आयुष्यभर फिटत नाही, आणि तो जिच्या नावे पडतो तिला कोणी विचारलेले नसते.

ही गोष्ट महाराष्ट्रात फार पूर्वी ओळखली गेली. ताराबाई मोडक यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केले, १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बाल शिक्षण संघाच्या त्या आधारस्तंभ होत्या. १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षण केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. १९५७ साली हे कार्य जवळच कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी पाड्यांतील मोठी मुले शाळेत का येत नाहीत, याचा शोध घेताना उत्तर सापडले ते असे की, त्यांच्या कडेवर धाकटी भावंडे असतात किंवा त्यांच्यापुढे गुरे असतात. या दोघींनी मुलांना वा त्यांच्या आईबापांना दोष दिला नाही. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी, यातून अंगणवाडी आली. गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणशाळा आली. आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी आली. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि थोरली वर्गात : एकाच्या सोयीसाठी दुसऱ्याचे शिक्षण थांबू नये, हे तिचे सूत्र होते. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. परंतु त्यांच्या कार्यातील खर्चाचा हा विचार अजूनही पुरता रुजलेला नाही. पाळणाघरावर खर्च झालेला पैसा शाळेच्या पटावर दिसतो, हा तो विचार होय.

शुल्काचा पैसा कोठे जातो?

पाळणाघराच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा माणसांच्या हातांचा असतो. तान्ह्या मुलाला भरवणे, पुसणे, कपडे बदलणे, निजविणे ही कामे यंत्राने होत नाहीत. २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणाने तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक आणि तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक प्रौढ, असे प्रमाण सुचविले.

आता साधा गुणाकार-भागाकार करावा. समजा, खासगी केंद्र सेविकेला महिना ८,००० रुपये देते. दहा तान्ह्या मुलांमागे एक सेविका ठेवावयाची, तर केवळ तिच्या वेतनापोटी प्रत्येक मुलामागे ८०० रुपये येतात. वीस मोठ्या मुलांमागे ४०० रुपये येतात. यात जागेचे भाडे, दूध, पाणी, साबण काहीच धरलेले नाही. म्हणून तान्ह्या मुलाचे शुल्क मोठ्यापेक्षा अधिक असणे स्वाभाविक आहे. आणि जर एखादे केंद्र दहा महिन्यांचे मूल ६०० रुपयांत सांभाळावयास तयार असेल, तर पालकांनी आनंद मानण्यापूर्वी विचारावे : एका बाईकडे किती मुले आहेत? काटकसर कोठेतरी झालेली असते, आणि ती बहुधा हातांच्या संख्येतच होते.

शासकीय योजनांनाही हाच नियम लागू आहे. २०१७ च्या योजनेत सेविकेला महिना ३,००० आणि मदतनिसाला १,५०० रुपये मानधन होते. २५ मुलांत विभागले तर मुलामागे महिना १८० रुपये होतात. २६ दिवस, रोज साडेसात तास म्हणजे १९५ तास. म्हणजेच एका मुलाच्या एका तासाच्या सांभाळापोटी सेविका आणि मदतनीस या दोघींना मिळून एक रुपयाही पडत नव्हता. पुढे मानधनात वाढ करण्यात आली. तथापि पाळणाघराची गुणवत्ता वाढवावयाची असेल, तर रंगरंगोटीआधी सेविकेचे मानधन, तिचे प्रशिक्षण आणि तिचे त्या जागी टिकून राहणे यांचा विचार झाला पाहिजे. दर चार महिन्यांनी बदलणारी सेविका मुलाच्या दृष्टीने दर चार महिन्यांनी हरवणारे माणूस असते.

अधिक पैसे म्हणजे अधिक दर्जा?

असे नेहमीच होत नाही. मोठ्या शुल्कातील पुष्कळसा भाग भिंतीवरील चित्रे, गणवेश, इंग्रजी नाव, वातानुकूलन आणि दूरचित्रवाणी संच यांवर जाऊ शकतो. यांपैकी काही गोष्टी चांगल्या आहेत, परंतु मुलाला उचलून घेणारे हात त्यांत नाहीत.

समान शुल्क असूनही दर्जा किती वेगळा असू शकतो, याचे एक बोलके उदाहरण परदेशातील आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांताने १९९७ साली दिवसाला पाच डॉलर इतक्या अल्प शुल्काची पाळणाघर योजना सुरू केली. उरलेला खर्च शासन सोसणार होते. नोकरी करणाऱ्या मातांची संख्या वाढली. परंतु त्याच शुल्कात चालणाऱ्या केंद्रांची पाहणी झाली तेव्हा, नफ्यासाठी नसलेल्या व कार्यकारी मंडळात पालकांचे बहुमत असलेल्या केंद्रांचा दर्जा खासगी अनुदानित केंद्रांपेक्षा सरासरीने चांगला आढळला. पालकांच्या दृष्टीने किंमत एकच होती. फरक होता तो प्रशिक्षित कर्मचाऱ्यांत आणि देखरेखीत. यातून आपल्याकडील ग्रामपंचायतींनी व महिला मंडळांनी घेण्यासारखा बोध असा की, शुल्क कमी करणे हे अर्धे काम आहे. उरलेले अर्धे म्हणजे पालकांना केंद्रात येण्याचा व विचारण्याचा अधिकार देणे.

दर्जा कसा पाहावा?

दर्जा तपासण्यासाठी तज्ज्ञ असावे लागत नाही. दोन वेळा, शक्य तर न कळवता, केंद्रात जावे : एकदा सकाळी अकराच्या सुमारास आणि एकदा दुपारी तीनला. प्रत्येक वेळी अर्धा तास थांबावे आणि पुढील गोष्टी पाहाव्यात.

(१) प्रत्यक्ष हजर असलेली मुले व प्रत्यक्ष हजर असलेल्या सेविका मोजाव्यात. पटावरील संख्या पुरेशी नाही. स्वयंपाकात गुंतलेली बाई मुले सांभाळणाऱ्यांत धरू नये.

(२) मूल रडले म्हणजे काय होते, ते पाहावे. मुले रडणारच. कोणी उठते का, नावाने हाक मारते का, की आवाज चढवते, हे महत्त्वाचे. सर्वच मुले एका वेळी गप्प आणि सुस्त दिसली, तर तो शिस्तीचा पुरावा समजू नये. वर सांगितलेली बाळगोळी आठवावी. झोप यावी म्हणून कोणतेही औषध, खोकल्याचेसुद्धा, डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून देऊ नये, असे केंद्राला स्पष्ट सांगावे.

(३) बोलणे ऐकावे. सेविका भरवताना, धुताना मुलाशी बोलते का? लहान मूल भाषा शिकते ती अशाच बोलण्यातून. दूरचित्रवाणी संच किंवा मोबाईल मुलाशी बोलत नाही, तो केवळ मुलासमोर बोलतो.

(४) पिण्याचे पाणी, हात धुण्याची जागा, शौचालय आणि मुलांचे कपडे बदलण्याची जागा स्वतः पाहावी. आहार कोठे शिजतो आणि कशात झाकून ठेवतात, हेही पाहावे.

(५) जागा. २०१३ च्या धोरणाबरोबरच्या निकषांत ३० मुलांसाठी किमान ३५ चौरस मीटरची खोली आणि ३० चौरस मीटर मोकळी जागा अपेक्षिली होती. म्हणजे दहा बाय दहा फुटांच्या खोलीत आठापेक्षा अधिक मुले दाटीची ठरतात. माळव्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखालील खोली दुपारी कशी तापते, हे दुपारीच जाऊन कळेल.

(६) दार, जिना, विहीर, पाण्याची टाकी, विजेची बटणे. मुलाला कोण घेऊन जाऊ शकेल याची लेखी नोंद असते का? नसेल तर ती करण्यास सांगावे.

(७) पालकांना कोणत्याही वेळी आत येऊ देतात का? 'मुले बिचकतात, दारातच थांबा' असे रोजच उत्तर मिळत असेल, तर दुसरे केंद्र शोधलेले बरे.

मराठी कुटुंबांसाठी एक गोष्ट अधिक सांगावीशी वाटते. शिंदेशाहीच्या काळापासून उज्जैनमध्ये राहणाऱ्या अनेक घरांत मुलाशी मराठी बोलतात, तर केंद्रातील सेविका माळवी किंवा हिंदी बोलते. मूल दोन्ही भाषा सहज शिकेल, यात चिंतेचे कारण नाही. परंतु पहिल्या महिन्यात 'शू', 'नीज', 'भूक', 'दुखतंय' असे त्याचे आठ-दहा शब्द कागदावर लिहून सेविकेला द्यावेत. आपली गरज समजली जाते असे कळले की मूल रुळते. याला एक पैसाही लागत नाही.

खेड्यात काय करता येईल?

खेड्यात नियमित पाळणाघर नसेल, तर सोय उभी करावी लागते. छत्तीसगढमधील बिलासपूर जिल्ह्यात गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेने गावोगावी 'फुलवारी' चालविल्या. सहा महिने ते तीन वर्षांची मुले गावातल्याच स्त्रियांनी सांभाळावयाची, त्यांना दिवसातून अनेकदा ताजे अन्न द्यावयाचे, असे त्यांचे साधे स्वरूप. अंगणवाडीत दिवसभर न बसणाऱ्या वयाच्या मुलांसाठीच ही योजना होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. शहरातील बांधकामांवर १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी 'मोबाईल क्रेशेस'च्या रूपाने हेच केले. काम जेथे असेल तेथे पाळणाघर गेले, काम हलले की तेही हलले. २००५ च्या रोजगार हमी कायद्यानेही, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले आली तर एका मजूर स्त्रीला मुले सांभाळण्याचे काम द्यावे आणि तिला इतरांप्रमाणेच मजुरी द्यावी, अशी तरतूद केली होती. मूल सांभाळणे हे काम आहे आणि त्याला मजुरी आहे, हे त्या तरतुदीने मान्य केले. तिचे महत्त्व रकमेपेक्षा यात अधिक आहे.

सोयाबीन काढणी आणि गव्हाची कापणी या दोन हंगामांत गावातील जवळजवळ सर्व स्त्रिया शेतावर असतात. निदान या दोन हंगामांत महिला मंडळाने पंचायतीच्या साहाय्याने दिवसभराचे केंद्र चालवावे. दहा लहान मुलांमागे एक स्त्री, तिची मजुरी दहा घरांनी वाटून घ्यावी. ४०० रुपये मजुरी धरली तर घरामागे दिवसाला ४० रुपये येतात, आणि तेवढ्यात आणखी नऊ स्त्रियांचा पूर्ण दिवस मोकळा होतो.

अधिकारी आणि शिक्षक यांच्याकडून अपेक्षा

प्रकल्प अधिकाऱ्यांनी व पर्यवेक्षिकांनी केंद्राची वेळ ठरविताना त्या वस्तीतील मातांच्या कामाची वेळ विचारावी. ज्या अंगणवाडीच्या परिसरात पूर्ण दिवस काम करणाऱ्या स्त्रिया अधिक आहेत, तिला पाळणाघर जोडण्याचा प्रस्ताव प्रथम पाठवावा. असा प्रस्ताव ग्रामसभेच्या ठरावासह आणि मुलांच्या वयवार यादीसह आला, तर त्याचा विचार करणे सुकर होते.

शिक्षकांच्या हाती याहून महत्त्वाचे साधन आहे, ते म्हणजे हजेरीपट. तिसरी-चौथीतील मुलगी वारंवार गैरहजर राहत असेल, तर 'का आली नाहीस?' एवढ्यावर न थांबता 'घरी धाकटे कोण आहे आणि त्याला कोण पाहते?' हेही विचारावे. उत्तरे एका कागदावर उतरवून अंगणवाडीसेविकेकडे व पंचायतीकडे द्यावीत. कोणत्या वस्तीत पाळणाघराची निकड आहे, याची ती सर्वांत विश्वसनीय यादी होईल. त्या यादीतील प्रत्येक नावापुढे दोन मुले असतात : एक ज्याला सांभाळावयाचे आहे, आणि एक जी त्याला सांभाळण्यासाठी घरी राहिली आहे. पाळणाघराचा खर्च व दर्जा ठरविताना या दोघांचाही हिशेब झाला पाहिजे.